ऑक्टोबरातला हळद्या

१

माझे नाव बोनिफात्सी अँतोनी शेलोंग. वय शहात्तर पूर्ण. वूच शहरातल्या एका कापडगिरणीत मी माग दुरुस्त करीत असे, गिरणीला कुलूप लागेपर्यंत. शाळेत मी सातवीपर्यंत गेलो. त्यापुढचे जे मला येते ते स्वतः वाचून मिळवलेले आहे, आणि ते थोडे नाही. ही बढाई नव्हे. पुढील हकिगत सांगणारा मनुष्य भाबडा नाही, एवढे आरंभीच सांगितलेले बरे.

माझी धाकटी बहीण गेनोवेफा, म्हणजे गेन्या, विधवा झाल्यापासून माझ्याकडे राहते. चौथ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या आहेत. सज्ज्यातून ट्रामचे वळण दिसते आणि वळणापलीकडे ओल्शिन्का. ओल्शिन्का म्हणजे जुन्या अरण्याची, शहर तोडायला विसरले अशी एक चिंधी. पुढे तिला संरक्षण मिळाले आणि तिथे कशालाही हात लावायचा नाही असा नियम झाला. ओक कोसळला तर कोसळला तिथेच कुजतो. त्याच्यावर बुरशी, बुरशीत किडे, किड्यांवर सुतारपक्षी. आत रानडुकरे आहेत, लहानखुरी हरणे आहेत, आणि चारी बाजूंनी ट्रामची घरघर.

रोज संध्याकाळी जेवण झाले की मी गेन्याला मोठ्याने वाचून दाखवीत असे. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेले. शस्त्रक्रियेसाठी मार्च महिन्याची तारीख मिळाली होती. माझा आवाज भरदार आहे आणि उच्चार स्वच्छ.

"तू म्हणजे रेडिओच रे, बोनेक," ती म्हणे. "फक्त बंद करायचं बटण सापडत नाही."

मात्र घसा बसला म्हणून एखाद्या संध्याकाळी मी वाचले नाही, तर ती खुर्चीतून उठतच नसे. दिसेनासे झाल्यापासून तिचे जग म्हणजे माझा आवाज होता.

दर ऑक्टोबरात आम्ही सकाळी ओल्शिन्कात अळंब्या काढायला जात असू. हे निषिद्ध आहे. प्रवेशाशीच तसा फलक आहे. परंतु नाताळच्या आदल्या संध्याकाळच्या सुपात स्वतःच्या हाताने काढलेलीच अळंबी पडली पाहिजे, असा आमच्या आईच्या घरचा रिवाज. विकतची अळंबी तिने त्या जेवणाला कधी शिवू दिली नाही. "फलक नंतर आला, आई आधी आली," हा गेन्याचा युक्तिवाद. तो कायद्याला धरून नाही, तरी मला खोडता आला नाही.

आमच्याकडे अळंब्या काढणारी माणसे रानात पांगली की "होप, होप!" अशा हाका देत एकमेकांना धरून राहतात. चोरून काढणाऱ्याला ते शक्य नाही. म्हणून मी एक योजना केली होती. आम्ही हळद्याची शीळ घालायचो: पाव्यासारखी, वर जाऊन वळणारी. एकाने घातली की दुसऱ्याने तीच परत द्यायची. हळद्या ऑगस्ट सरताना आफ्रिकेला जातो. तेव्हा ऑक्टोबरात ओल्शिन्कात हळद्याची शीळ ऐकू आली तर ती गेन्याचीच किंवा माझीच. तिसऱ्या कोणाची असणे शक्यच नाही. ही योजना मला अतिशय निर्दोष वाटत असे.

२

मागांच्या खडखडाटाने माझा डावा कान पार गेलेला आहे. एका कानाच्या माणसाला आवाज ऐकू येतो, पण तो कोणत्या बाजूने आला ते कळत नाही. गेन्याला दिसत नाही आणि मला दिशा लागत नाही, अशी आमची जोडी. ती बोटांनी पालापाचोळा चाचपून आणि नाकाने वास घेऊन माझ्या दुप्पट अळंब्या काढी, हेही सांगितले पाहिजे.

कोसळलेल्या मोठ्या ओकापलीकडे एक खळगा आहे. त्यात तार्निनाची, म्हणजे बोटाएवढ्या काट्यांची, दाट जाळी माजलेली आहे. त्या वर्षी पहिल्याच खेपेला जाळीच्या कडेला मला एक शेतउंदीर दिसला. मानेतून काटा आरपार, पाय लोंबकळत. शेजारच्या काट्यावर कसलासा लहान पक्षी, डोके नसलेला.

"काय रे? थांबलास का?"

"खाटीक," मी सांगितले. "राखी खाटीक. उत्तरेकडून हिवाळ्यासाठी येतो. चिमणीच्या दीडपट, डोळ्यांवर काळी पट्टी. भक्ष्य मारून काट्यावर टोचून ठेवतो. त्याचे कोठारच म्हण."

"पट्टी बांधलेला दरोडेखोर आणि वर कोठीघर. आपल्या शेजारच्या ग्राझिनाबाईसारखा."

मी हसलो नाही; माहिती अपुरी राहिली होती. "शिवाय तो नकला करतो. इतर पक्ष्यांचे आवाज काढून त्यांना जवळ बोलावतो."

"बोनेक, मला अळंब्या काढू दे. हे संध्याकाळी वाच."

३

आमच्या इमारतीत हेटमान नावाचा पिवळा बोका होता. तसा कोणाचाच नव्हता. गेन्या त्याला माशांची डोकी घाली. काही दिवस तो दिसला नाही. पुढच्या खेपेला मी खळग्याशी पोहोचलो आणि तो माझ्या डोक्याच्या वर होता.

जाळीतल्या सर्वांत जाड खोडाची फांदी मोडून तिचा सुळा राहिला होता, आणि तो सुळा बोक्याच्या जबड्याखालून शिरून डोक्याच्या वर आला होता. पोट फाडून रिकामे केलेले. तो तिथे जिवंतपणी टोचला गेला असावा, कारण नख्यांनी खोडाची साल लांबवर सोलून काढलेली होती.

मी हिशेबी विचार करू लागलो. खाटीक वजनाला मूठभर. बोका उचलणे त्याच्या आवाक्याबाहेर. तेव्हा हे पोरांचे काम. वस्तीत अशी पोरे असतात. पण पोरांना त्या जाळीतून, अंगावर ओरखडा न उठता, आत जायला वाट कुठे होती? एकही फांदी वाकलेली नव्हती.

गेन्याला सांगायचे नाही असे ठरवून मी शीळ घातली. लगेच उत्तर आले. मी ओकाला वळसा घालून पुढे झालो, पुन्हा घातली. पुन्हा उत्तर, स्वच्छ, किंचित उंच. पाहतो तर गेन्या माझ्यापुढेच ओंडक्यावर बसलेली, तोंडात सफरचंदाचा मोठा घास.

"छान घातलीस," मी म्हणालो.

तिने घास गिळला. "काय?"

"शीळ."

"मी कुठं? तोंड भरलंय माझं. मला वाटलं, तूच घालतोयस आणि तूच उत्तर देतोयस. म्हटलं, आता गडी एकटाच संभाषण करायला लागला."

४

आम्ही दोघे टेबलाशी बीटचे सूप घेत होतो. भर दुपार, सज्ज्याचे दार हवेसाठी किलकिले. ट्राम वळणावरून गेली, तिची कर्कश ओरड विरली, आणि ओल्शिन्काच्या बाजूने आमची शीळ आली. वर जाऊन वळणारी. थांबली. पुन्हा आली.

गेन्याचा चमचा वाटीवर थांबला. "आपण दोघं इथं आहोत ना, बोनेक?"

"उघड आहे. तो खाटीक आपली शीळ शिकला. मी तुला सांगितलेच होते की तो नकला करतो." खरे सांगायचे तर मला समाधान वाटले. सर्व काही जागच्या जागी बसले होते. बोका वगळता.

"मग आता आपण काय करायचं? तोंडानं नाव घेऊन हाक मारू या की सरळ."

"वनरक्षक ऐकेल."

"ऐकू दे! शीळ काय, कुणीही घालेल. तुझा आवाज कोण काढणार? एवढं भारी ओझं कुणाला उचलणार नाही."

वनरक्षक रेनाता दुसऱ्याच दिवशी ट्रामच्या थांब्यावर भेटली. चाळिशीची, रुंद खांद्यांची बाई.

"काय शेलोंगसाहेब, तुमचा हळद्या यंदा आफ्रिकेला गेला नाही म्हणे?"

तिला सगळे आधीपासून ठाऊक होते तर.

"मी काही बोलले का इतकी वर्षं? गेन्याकाकूंनी नाताळला पाठवलेलं सूप मीही प्यायलेय. पण यंदा नका जाऊ आत." तिने आवाज उतरवला. "काल एक हरणी सापडली. ओकाच्या तुटक्या फांदीवर. माझ्या डोक्याच्याही वर. छातीतून पार. आणि पिल्लू खाली, तिच्याकडं बघत उभं. ते हलतच नव्हतं, साहेब. मी ढकललं तरी हलेना. आईच्या आवाजात काहीतरी बोलावत होतं त्याला, जाळीतून, आणि आई तर वर लटकलेली."

"हरणांच्या हाका मनुष्याच्या कानाला सारख्याच वाटतात," मी म्हणालो.

"असतील. तुम्ही वाचलेलं असेल." ट्राम आली. पायरीवर चढता चढता ती वळली. "पण काकूंना नेऊ नका."

मी हे घरी सांगितले. गेन्याने दोऱ्यात ओवून वाळत टाकलेल्या अळंब्यांची माळ बोटांनी मोजली. माळ अर्ध्याहून कमी होती.

"ऑपरेशनच्या टेबलावरून उठेन की नाही कुणाला ठाऊक," ती म्हणाली. "आईचं सूप विकतच्या अळंबीचं? या नाताळला? तू येऊ नकोस हवं तर. मी वासानं जाईन."

डोळ्यांच्या शस्त्रक्रियेने कोणी मरत नाही, हे मी तिला सविस्तर समजावले. मग कोट घातला. तिला एकटीला जाऊ देणे शक्य नव्हते. शिवाय ज्याचे नाव, वजन आणि सवयी मला ठाऊक होत्या, अशा पक्ष्याला घाबरून घरी बसणे मला मान्य नव्हते.

५

त्या सकाळी धुके होते. ट्रामचे दिवे विझल्यासारखे दिसत होते. आत शिरताना आम्ही ठरवले: शीळ नाही. हात सुटेल इतके लांब जायचे नाही. आणि चुकामूक झालीच तर नाव घेऊन हाक.

अळंब्या भरपूर होत्या. तपकिरी टोप्यांच्या, घट्ट, किडीविना. हे जो जाणतो त्याला सांगायला नको की समोर एक दिसली की तिच्या पलीकडे दुसरी दिसते आणि मान वर होतच नाही. मी वाकलो, कापल्या, टोपलीत ठेवल्या, पुन्हा वाकलो. उठून पाहिले तेव्हा गेन्या नव्हती. पांढरे धुके आणि काळी खोडे.

शीळ आली. मी उत्तर दिले नाही.

पुन्हा आली, आणि या वेळी तिच्यात गेन्याचा दम लागलेला श्वासही होता. शीळ संपताना ती नाकातून सोडते तो. तिने नियम विसरून शीळ घातली असेल का? की हे तिचे नव्हेच? ती मागे होती की पुढे? माझा चांगला कान मी सगळीकडे फिरवला. शीळ सगळीकडून येत होती.

तेव्हा मी छाती भरून घेतली आणि ज्या आवाजाचा मला अभिमान होता त्या आवाजात हाक मारली.

"गेन्या! कुठे आहेस?"

'आहेस'वर माझा आवाज किंचित फाटला, वयोमानाने. क्षणभर सुतारपक्षीदेखील थांबला. मग खळग्याच्या बाजूने, धुक्यातून, मोठ्याने:

"गेन्या! कुठे आहेस?"

'आहेस'वर तो आवाज तिथेच, तितकाच फाटला.

मनुष्य स्वतःचा आवाज आतून ऐकतो. बाहेरून तो ओळखायला वेळ लागतो, आणि तो वेळ माझ्याजवळ नव्हता. कारण माझ्या बहिणीने उत्तर दिले होते.

"आले रे, आले! ओरडू नकोस, रेनाता ऐकेल!"

पाचोळ्यावर तिची पावले. ती माझ्यापासून दूर जात होती.

"जाऊ नकोस!" मी किंचाळलो. "तो मी नाही!"

पावले थांबली. आणि खळग्यातून, शांतपणे नव्हे, अगदी माझ्याच भीतीने भरलेला आवाज:

"जाऊ नकोस! तो मी नाही!"

"बोनेक?" गेन्या म्हणाली. आता तिच्या आवाजात थट्टा नव्हती. "कुठला तू?"

मी धावत सुटलो. बोललो नाही. बोललो असतो तर त्यालाही ते मिळाले असते. धावताना टोपली पडली, ओकाच्या सालीवर गुडघा फुटला. पुढे एकदा माझा आवाज म्हणाला, "गेन्या!" जवळून, मायेने. असा मायेने मी तिला कधी हाक मारली होती? लहानपणी मारली असेन. मग एक आवाज झाला, ओले कापड कोणी एका झटक्यात फाडावे तसा, आणि माझी बहीण ओरडू लागली.

६

इथून पुढे मी जे पाहिले तेवढेच सांगतो.

ती जाळीत होती, आणि तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. एका पायात बूट नव्हता. मोडक्या फांदीचा सुळा उजव्या खांद्याच्या मागून शिरून गळपट्टीच्या हाडाखालून पुढे आला होता, आणि कोटातून रक्त तिच्या बोटांवरून थेंबाथेंबाने नव्हे, धारेने गळत होते. ती पाय झाडत होती. प्रत्येक झटक्याने ती थोडी अधिक खाली, थोडी अधिक आत जात होती.

मी जाळीत घुसलो. काटे गालात, पापणीत, तळहातांत शिरले. तिच्या मांड्यांना मिठी मारून मी तिला वर उचलले. त्या वयात कोठून बळ आले, ठाऊक नाही. ती जे ओरडली ते शब्द नव्हते.

वर फांदीवर कोणीतरी काही पुसत होते. सालीवर एकदा इकडून, एकदा तिकडून, सावकाश. भक्ष्य टोचून झाल्यावर पक्षी चोच पुसतो, तसे. मी मान वर केली. करायला नको होती. राखाडी काहीतरी, घडी घातल्यासारखे. माझ्या पंजाहून रुंद एक काळी पट्टी. पट्टीत डोळा. तो गेन्याकडे पाहत नव्हता. माझ्या तोंडाकडे पाहत होता. ओठांकडे.

मग मी खाली पाहिले, कारण तिला सोडवायचे होते.

ती सुळ्यावरून निसटली तेव्हा डोक्याच्या डाव्या बाजूला फटका बसला आणि मानेवरून ऊन ऊन ओघळ गेला. खिशातला अळंब्या कापायचा आकडी चाकू काढून मी डोळे मिटून वर मारला, पुन्हा मारला, हात दुखेपर्यंत मारला. एकदा पाते लागले. ज्याला लागले ते पिसांचे नव्हते, एवढेच मी सांगू शकतो. वरून गेन्याचा आवाज आला: "आले रे, आले!" खरी गेन्या माझ्या काखेत होती आणि तिच्या तोंडातून फक्त रक्ताचे बुडबुडे येत होते.

ट्रामच्या रुळांपर्यंत मी तिला ओढीत आणले. रेनाता धावत आली. तिने स्वतःचा कोट गुंडाळून गेन्याच्या खांद्यात कोंबला आणि मला विचारले, "साहेब, कान कुठाय तुमचा?" माझा डावा कान गेला होता. तो तसाही निरुपयोगीच होता.

रुग्णवाहिका येईपर्यंत ती विचारत राहिली, काय होतं, काय होतं आत. मी तोंड उघडले. पलीकडे, धुक्यात, काहीतरी ऐकायला थांबले आहे असे मला स्पष्ट जाणवले. मी तोंड मिटले.

७

रानडुकराचा हल्ला, असे ठरले. त्या आठवड्यात शिकारी आणून सहा डुकरे मारली. माद्यांच्या पोटात पिल्ले होती. त्यांचा यात काही संबंध नव्हता, आणि मी तसे लिहूनही कळवले. उत्तर आले नाही. रेनाताने बदली मागून घेतली.

गेन्या वाचली. उजवा हात खांद्यापासून हलत नाही. नाताळला सूप केले ते त्या अपुऱ्या माळेवरच्याच अळंब्यांचे, पातळ. तिने डाव्या हाताने चमचा उचलला आणि सगळे संपवले. मार्चमध्ये तिच्या एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. आता पुस्तक नाकाशी धरले की तिला अक्षर लागते.

ओल्शिन्काला आता कुंपण आहे. तरी एखाद्या सकाळी सज्ज्याखालच्या झाडांतून माझा आवाज येतो. "गेन्या! कुठे आहेस?" मग तिचा: "आले रे, आले!" मग पुन्हा माझा, ओरडून: "तो मी नाही!" पहिल्या खेपेला ती झोपेतून उठून दाराची कडी काढत होती. मी मागून तिच्या कमरेला मिठी मारली तेव्हा ती जी दचकली, ते मी विसरणार नाही. कोणता मी खरा, हे तिला त्या क्षणी ठाऊक नव्हते. तिने मागे हात नेऊन माझ्या डोक्याची डावी बाजू चाचपली, कान नसल्याचे बोटांना लागले, तेव्हा कुठे तिने कडी सोडली.

त्या सकाळपासून मी बोलत नाही. घरात नाही, जिन्यात नाही, डॉक्टरांशी नाही. संध्याकाळी जेवणानंतर ती मला वाचून दाखवते, दारे-खिडक्या लावून, हळू आवाजात. उच्चार चुकतात, मी दुरुस्त करीत नाही. माझ्या आवाजात तिला कोणी बोलावले, तर तो मी नाही, हे तिला आता पक्के ठाऊक आहे.